कलेक्टर्स एडिशनचे जादा पैसे नेमके कशाचे?

सायंतारा

गेली काही वर्षे मी ज्या रोल-प्लेइंग, म्हणजे एखादे पात्र होऊन खेळायच्या, व्हिडिओ गेम मालिकेत रमलो आहे, तिचा तिसरा भाग लवकरच येत आहे. पहिले दोन्ही भाग मी प्रत्येकी दोनदा शेवटपर्यंत खेळलो आहे. त्यांतली गावे, घाट आणि नदीकाठची ती पडकी गिरणी मला आजही डोळे मिटून सापडेल. त्यामुळे तिसरा भाग घ्यायचा हे ठरलेलेच आहे. तो कोणत्या रूपात घ्यायचा, एवढेच ठरत नाही.

साधी डिस्क, डीलक्स आणि कलेक्टर्स एडिशन असे तीन पर्याय जाहीर झाले आहेत. कलेक्टर्स एडिशनची किंमत साध्या डिस्कच्या जवळजवळ साडेतीनपट आहे. तिच्यात नायिकेचा २६ सेंटिमीटर उंचीचा पुतळा, छोटेखानी आर्टबुक (गेमसाठी काढलेल्या चित्रांचे पुस्तक), स्टीलबुक (डिस्क ठेवायची धातूची डबी), कापडावर छापलेला नकाशा, साउंडट्रॅकचा डाउनलोड कोड आणि गेममध्ये वापरायचे एक चिलखत एवढ्या गोष्टी आहेत. प्री-ऑर्डर चार दिवसांनी बंद होईल आणि ही एडिशन पुन्हा काढली जाणार नाही, असे तिथे ठळक अक्षरांत लिहिले आहे. खरे सांगायचे तर त्या एका वाक्याने माझी झोप उडवली आहे.

यापूर्वी मी एकदाच अशी एडिशन घेतली होती. खोका उघडला तेव्हा पुतळ्याच्या हातातला भाला मनगटापाशी मोडलेला निघाला. विक्रेत्याकडे बदलून द्यायला दुसरा नग नव्हता; त्याने थोडी रक्कम परत केली आणि विषय संपवला. मी भाला चिकटवला, पण सांधा दिसतो. चौथऱ्यात दिवा असलेला तो पुतळा रोज नजरेसमोर असावा म्हणून घेतला होता, तो आता कपाटाच्या वरच्या फळीवर खोक्यासकट पडून आहे. गेम मात्र अप्रतिम होता. म्हणजे ज्या वस्तूसाठी जादा पैसे मोजले तिने निराश केले, आणि जी साध्या किमतीतही मिळाली असती तिने भरभरून दिले. हे माझ्या मनातून जात नाही.

ज्यांच्याकडे अशा एडिशन बऱ्याच वर्षांपासून आहेत, त्यांनी त्या अजून बाहेर काढून पाहिल्या जातात का, वस्तू टिकतात का, आणि पुढे विकायची वेळ आली तर घातलेले पैसे निघतात का, हे अनुभवावरून सांगावे. नुसते 'घ्या' किंवा 'घेऊ नका' यापेक्षा त्यामागचे कारण कळले तर मला जास्त उपयोग होईल.

जुनी फ्लॉपी

सायंतारा, पुढे वाचण्याआधी त्या एडिशनच्या पानावर परत जा आणि यादीत 'डिस्क' हा शब्द आहे का ते पाहा. तुम्ही दिलेल्या यादीत स्टीलबुक आहे, पण डिस्क कुठे दिसत नाही, आणि ती तुमच्याकडून लिहायची राहिली असेल असे मला वाटत नाही. २०२२ मध्ये आलेल्या 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'च्या कलेक्टर्स एडिशनमध्ये थोर या देवाच्या हातोड्याची प्रतिकृती होती, स्टीलबुकही होते, पण त्या स्टीलबुकात डिस्क नव्हती. गेमसाठी छापील कोड दिलेला होता. पुढच्याच वर्षी 'स्टारफील्ड'च्या सर्वांत महागड्या एडिशनमध्ये मनगटी घड्याळ होते आणि गेम पुन्हा कोडाच्याच रूपात. जिथे डिस्क बसवायची ती खाच रिकामी असलेली धातूची डबी हातात घेतल्यावर जो रितेपणा जाणवतो, तो मी स्वतः अनुभवला आहे. संग्राहकांसाठी म्हणून काढलेल्या खोक्यात संग्रह करण्याजोगी मूळ वस्तूच नसावी, हे मला कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही.

गेमबरोबर जादा वस्तू देण्याची प्रथा जुनी आहे, आणि ती ज्या कारणाने सुरू झाली ते कारण मला फार मोलाचे वाटते. १९८२ मध्ये इन्फोकॉम या कंपनीने 'डेडलाइन' हा खुनाच्या तपासाचा, केवळ मजकुरावर चालणारा गेम आणला. तपासाची सगळी माहिती फ्लॉपीवर मावेना, म्हणून ती कागदांच्या रूपाने खोक्यात घातली गेली: साक्षीदारांच्या जबाबांची टिपणे, प्रयोगशाळेचा अहवाल, घटनास्थळाचे छायाचित्र, इतकेच काय, मृतदेहाजवळ सापडलेल्या औषधाच्या गोळ्यांची लहानशी पुडीसुद्धा. पडद्यावर एखादा प्रश्न टंकायचा आणि उत्तर आले की मांडीवरचे कागद चाळायचे, अशी ती खेळण्याची रीत होती. ही कल्पना इतकी आवडली की कंपनीच्या पुढच्या गेमांतही अशा वस्तू येत राहिल्या. आणि त्यांतल्या माहितीवाचून काही गेम पुढे सरकतच नसल्यामुळे नुसती फ्लॉपीची नक्कल करून घेणाऱ्यांनाही आपोआप अडसर झाला.

त्याच वर्षी गेमनिर्माते रिचर्ड गॅरियट यांचा 'अल्टिमा २' कापडी नकाशासह आला, आणि १९८५ च्या 'अल्टिमा ४'मध्ये कापडी नकाशाबरोबर धातूचे छोटे अंख (वर फास असलेले क्रूसासारखे प्राचीन इजिप्ती चिन्ह) दिलेले होते. त्या गेममध्ये कोणा खलनायकाला मारायचे नसून आठ सद्गुण अंगी बाणवायचे असतात, आणि अंख हे त्या वाटचालीचे चिन्ह. नकाशावरची नावे रून या जुन्या युरोपीय लिपीत आहेत. सोबतच्या पुस्तिकेतल्या वर्णमालेशी एकेक अक्षर ताडून ती लावावी लागतात. माझ्याकडच्या नकाशाच्या घड्या आता विरल्या आहेत, चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोके आहेत, आणि एका किनाऱ्यापाशी रंग फिकट झाला आहे, कारण जहाज कुठवर आले हे मी नेहमी तिथेच अंगठा टेकवून पाहत असे. विकायला काढला तर त्याला फारसे काही मिळणार नाही. पण माझ्या घरातल्या गेमच्या वस्तूंपैकी पुरेपूर वापरली गेलेली ही एकच वस्तू आहे, आणि म्हणूनच मला तिचे मोल वाटते.

आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही, जरी ती कलेक्टर्स एडिशन नव्हती. १९९० मधल्या निन्टेंडोच्या 'स्टारट्रॉपिक्स'च्या खोक्यात एक कागदी पत्र असे. गेमच्या मध्यावर सांगितले जाते की ते पत्र पाण्यात बुडवा. खरोखरीचे पत्र खरोखरीच्या पाण्यात बुडवले की ७४७ हा आकडा उमटत असे, आणि तो दिल्याशिवाय पुढे जाता येत नसे. ज्यांनी नुसते जुने कार्ट्रिज (गेम साठवलेली प्लास्टिकची वडी) विकत घेतले ते तिथेच अडकून पडले. खोका आणि गेम एकमेकांत इतके गुंतलेले असावेत, तर खोक्याचे पैसे द्यायला मी आजही एका पायावर तयार आहे.

म्हणून माझी कसोटी एवढीच आहे: ही वस्तू खेळताना हाताशी घ्यावीशी वाटेल का? तुमच्या यादीतला कापडी नकाशा या कसोटीला उतरतो. आर्टबुक खेळून झाल्यावर उतरते. पुतळ्याविषयी प्रत्येकाने आपापले ठरवावे. तो वर्षानुवर्षे समोर ठेवावासा वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. गेममधले चिलखत मात्र मी हिशेबातच धरत नाही. दहाव्या तासाला त्याहून भक्कम चिलखत गेम स्वतःच देतो. आणि मनात असले तर साध्या किमतीतही किती देता येते, हे 'द विचर ३'ने २०१५ मध्ये दाखवले होते: त्याच्या साध्या आवृत्तीतच नकाशा, साउंडट्रॅकची सीडी, त्या जगाची माहितीपुस्तिका आणि निर्मात्यांचे आभारपत्र होते.

आता त्या चार दिवसांविषयी. प्री-ऑर्डर करताना तुम्ही वस्तू पाहिलेली नसते, वस्तूचे संगणकावर रंगवलेले चित्र पाहिलेले असते. २०१८ च्या 'फॉलआउट ७६'ची २०० डॉलरची पॉवर आर्मर एडिशन कॅनव्हासची पिशवी दाखवून विकली गेली आणि लोकांच्या हाती पातळ नायलॉनची पिशवी पडली. कंपनीने आधी साहित्य मिळत नसल्याचे कारण दिले आणि भरपाई म्हणून ॲटम्स या गेममधल्या चलनाची ५०० नाणी देऊ केली, ज्यांत धड एक पोशाखही येत नव्हता. ओरड झाल्यावर कॅनव्हासच्या पिशव्या बनवून देण्याचे ठरले, पण त्यासाठी अर्ज भरताना काही ग्राहकांना दुसऱ्यांचीच नावे आणि पत्ते दिसू लागले. पिशव्या पोहोचल्या त्या २०१९ उजाडल्यावर, बऱ्याच महिन्यांनी. त्याआधी २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कहॅम नाइट'ची बॅटमोबिल एडिशन प्रकाशनाच्या तोंडावर रद्द झाली, कारण तयार झालेली गाडी अपेक्षित दर्जाची नव्हती. गाडी वाईट निघाली म्हणून एडिशनच थांबवली, हे मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते. पण महिनोन्महिने वाट पाहणाऱ्यांच्या हाती शेवटी काही आले नाही, हेही तितकेच खरे.

रंगकुंचला

वस्तू टिकतात का, या प्रश्नापुरते लिहितो, कारण मी अनेक वर्षे लघुमूर्ती रंगवतो आणि ओळखीच्यांचे मोडलेले पुतळे दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात.

या पुतळ्यांचे बहुधा दोन प्रकार असतात. एक पॉलिस्टोनचा, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून ओतलेला. तो हाताला जड आणि थंड लागतो, बारकावे छान उठतात, पण ठिसूळ असतो. भाला, तलवार, धनुष्य, बोटे असे बारीक भाग प्रवासात पहिल्यांदा जातात. तुमचा भाला मनगटापाशी मोडला यात मला काहीच नवल वाटले नाही. सगळे वजन ओढणारा लांब भाग जिथे सर्वांत निमुळत्या जागी जोडलेला असतो, तिथेच तो मोडतो. २००७ मध्ये 'बायोशॉक'च्या एडिशनमधल्या बिग डॅडी या पात्राच्या पुतळ्यांचेही तेच झाले होते: कित्येकांचे पुतळे मोडलेले पोहोचले आणि कंपनीला ते बदलून देण्याची व्यवस्था करावी लागली. दुसरा प्रकार पीव्हीसी प्लास्टिकचा. तो सहसा मोडत नाही, पण त्याला मऊ ठेवणारे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपते आणि पृष्ठभाग चिकट होतो. बंद, उबदार खोक्यात हे लवकर होते. म्हणजे जपण्यासाठी म्हणून सीलबंद ठेवलेला पुतळाच अधिक चिकट निघू शकतो, आणि लोकांना हे पटवून देताना मला नेहमी जड जाते.

कृत्रिम चामड्याच्या वस्तूंपासून तर दूरच राहावे. पट्टे, पाकिटे, डायरीची वेष्टणे यांवरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने विघटित होत जातो आणि काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघू लागतात. वापरा किंवा वापरू नका, तो सुटतोच. स्टीलबुकच्या कडांवरचा रंग उडाला की दमट हवेत तिथे गंज धरतो. त्या मानाने कापड आणि चांगला कागद फार टिकाऊ; थेट ऊन आणि ओल एवढे टाळले की झाले.

डिस्क असलीच, तर तिची डबीही तपासून पाहावी. 'हेलो ३'च्या धातूच्या डबीतल्या लिमिटेड एडिशनमध्ये डिस्क खाचेत घट्ट बसत नसत. त्या सुटून आतल्या आत घासल्या आणि नव्याकोऱ्या डिस्कवर ओरखडे आले. मायक्रोसॉफ्टला त्या बदलून द्याव्या लागल्या होत्या. मी स्वतः डिस्क साध्या प्लास्टिकच्या डबीत ठेवतो आणि शोभेची डबी शोभेपुरतीच ठेवतो.

आणि एक तातडीची गोष्ट. तुमच्या जुन्या पुतळ्याच्या चौथऱ्यात दिवा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्यातले सेल कधी काढले होते का? नसतील, तर आजच काढा.

सायंतारा

दोघांचेही मनापासून आभार. पान पुन्हा वाचले. सगळ्यात खाली, परताव्याच्या अटींच्याही नंतर, 'गेम डिजिटल कोडाच्या स्वरूपात. डिस्क समाविष्ट नाही' अशी ओळ आहे. वर मात्र स्टीलबुकचे मोठे चित्र आहे आणि त्यात डबी मिटलेली दाखवली आहे. साध्या आवृत्तीत डिस्क आहे, आणि साडेतीनपट किमतीच्या आवृत्तीत नाही. हे वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण या निर्मात्यांवर माझा जीव आहे.

तरीही एक शंका उरते. डिस्क नाही म्हणून ही एडिशन सोडून द्यावी, तर आज गेम डिस्कवर असला तरी पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून भलामोठा पॅच (दुरुस्तीची फाइल) उतरवावा लागतो. मग डिस्कचा आग्रह कितपत धरावा?

तळटीप

शंका रास्त आहे. डिस्क म्हणजे कायमची मालकी, असे आज म्हणता येत नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा गेम २०१४ मध्ये डिस्कवर विकला गेला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि त्या डिस्क असून नसल्यासारख्या झाल्या, कारण गेम एकट्याने खेळायचा तरी सर्व्हरशी जोडणी लागत असे. म्हणून 'डिस्क आहे का' याच्या जोडीला 'इंटरनेट नसताना हा गेम चालतो का' हेही विचारायला हवे. तुमच्या मालिकेचे पहिले दोन भाग जोडणीशिवाय चालत असतील आणि तिसराही तसाच असेल, तर डिस्कला निश्चित अर्थ आहे: ती मित्राला देता येते, विकता येते आणि दुकान बंद झाले तरी चालते. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या दोन गेम-यंत्रांची ऑनलाइन दुकाने २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. त्या दिवसापासून तिथे नवा गेम विकत घेता येत नाही, पण ज्यांच्याकडे कार्ट्रिज आहे ते आजही ते दुसऱ्याच्या हाती देऊ शकतात. कोड एकदा वापरला की तो तुमच्या खात्याला जन्माचा बांधला जातो. म्हणजे कोड असलेली कलेक्टर्स एडिशन पुढे विकायची झाली, तर तुम्ही गेम नसलेला खोका विकत असाल.

किमतीचे म्हणाल, तर तो विचार मनातून काढून टाकावा, असे मी कळकळीने सांगेन. काही एडिशन महागतात, हे खरे आहे. पण त्या कोणत्या असतील हे आधी कळत नाही, आणि ज्या महागतात त्या बहुधा कमी संख्येने निघालेल्या, फारशा न गाजलेल्या गेमच्या असतात, ज्यांचे चाहते नंतर वाढले. मोठ्या गेमच्या एडिशन हजारोंनी निघतात आणि घेणारा प्रत्येक जण त्या जपून ठेवतो. दुर्मीळपणा त्यामुळे येतच नाही. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुपर मारिओ ६४'ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, तेव्हा अनेकांनी आपापले खोके उघडायचे थांबवले. पण १९९६ चा तो गेम कलेक्टर्स एडिशन नव्हता; ती दुकानात मिळणारी साधी प्रत होती. लाखो मुलांनी त्या खोक्यांची वेष्टणे फाडली, पुठ्ठे चुरगाळले, गेम खेळले, म्हणून न फाडलेली एक प्रत इतकी अपूर्व ठरली. अमेरिकी कॉमिकच्या संग्राहकांनी हा धडा फार आधी घेतला. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या सीलबंद पिशवीत आला, लोकांनी तो पुढे सोन्याच्या भावाने विकू म्हणून घेऊन ठेवला, आणि सगळ्यांनीच ठेवल्यामुळे तो आजही सहज मिळतो.

डीलक्सविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. त्यात बहुधा चार-पाच दिवस आधी खेळायची सोय एवढेच आकर्षण असते. 'स्टारफील्ड'मध्ये जास्त पैसे भरणाऱ्यांना १ सप्टेंबर २०२३ ला आणि इतरांना ६ सप्टेंबरला गेम उघडला. सगळ्यांना एकाच दिवशी देता आला असता असा गेम काही जणांपासून अडवून ठेवायचा आणि ती अडवणूक विकायची, हे मला मुळातच मान्य नाही.

रेघोट्या

वरचे सगळे पटते, तरी मी दुसरी बाजू मांडते, कारण ती कोणी मांडली नाही तर चित्र अर्धवट राहील.

मी चित्रे काढते, आणि त्याची सुरुवात एका कलेक्टर्स एडिशनमधल्या आर्टबुकापासून झाली. गेम माझ्या मोठ्या भावाचा होता. तो खेळत असे आणि मी शेजारी बसून ते पुस्तक पाहत असे. त्यात एका राक्षसाची अकरा रेखाटने एकाच पानावर होती. पहिल्यात त्याला शिंगे होती, चौथ्यात ती गळाली, सातव्यात खांदे झुकले, आणि अकराव्यात तो जवळजवळ म्हाताऱ्या माणसासारखा दिसू लागला. गेममध्ये आलेला राक्षस तो अकरावा. खाली चित्रकाराने दोन ओळींत लिहिले होते की याची भीती वाटण्याआधी याची कीव यायला हवी होती. शिंगे कुठे गेली आणि का गेली, हे मला त्या पानाने शिकवले. ते पान आता सुटे झाले आहे, आणि मी ते माझ्या टेबलासमोर लावले आहे.

म्हणून 'वापर' या शब्दाचा अर्थ थोडा मोठा धरावा, अशी जुनी फ्लॉपी यांना माझी विनंती आहे. काही वस्तू खेळताना वापरल्या जातात, काही खेळ संपल्यावर कामाला येतात, आणि काही खेळणाऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला कामाला येतात. खोका केवळ मिरवायला असतो असे नाही. 'बायोशॉक'च्या वेळी तर निर्मात्यांनीच सांगितले होते की ५,००० चाहत्यांच्या सह्या मिळाल्या तर कलेक्टर्स एडिशन काढू, आणि त्या काही तासांत जमल्या. एवढी माणसे एकाच वस्तूसाठी पुढे येतात, त्यामागे काहीतरी खरे प्रेम असतेच.

फक्त व्यवहाराची एक गोष्ट सायंतारा यांनी पाहावी. एडिशनमधले आर्टबुक अनेकदा लहान आकाराचे आणि निवडक पानांचे असते, आणि त्याच गेमचे संपूर्ण, मोठ्या आकाराचे आर्टबुक प्रकाशक स्वतंत्रपणे काढतो. डार्क हॉर्स या प्रकाशनाने अशी कित्येक पुस्तके काढली आहेत. तुम्ही 'छोटेखानी' असा शब्द लिहिला आहे, म्हणून मला हे सुचले. मोठे पुस्तक वेगळे येणार असेल, तर रेखाटनांसाठी मी ते निवडेन. लहान पानावर पेन्सिलीचा दाब दिसत नाही.

जुनी फ्लॉपी

रेघोट्या, तुमचे म्हणणे मी मान्य करतो. माझी कसोटी मी माझ्या नकाशाच्या मापाने कातली होती. त्या अकरा रेखाटनांचे पान माझ्याकडे असते तर मीही ते सुटे होऊ दिले असते.

सायंतारा, एवढेच सुचवतो: आधी गेम खेळा. शेवटचा प्रसंग संपून नावे सरकू लागल्यावरही जर ती नायिका तुम्हाला टेबलावर हवीशी वाटली, तर तिचा पुतळा तेव्हा शोधा. कदाचित जास्त पैसे पडतील, कदाचित कमी. गेम अपेक्षेइतका न जमल्यामुळे प्री-ऑर्डर केलेले खोके काही महिन्यांत निम्म्या किमतीला निघालेले मी अनेकदा पाहिले आहेत. पण तेव्हा तुम्ही प्रत्यक्ष वस्तूची छायाचित्रे पाहून, मनगट शाबूत आहे की नाही हे विचारून घेऊ शकाल.

सायंतारा

काल रात्री डिस्क असलेली साधी आवृत्ती नोंदवली. कलेक्टर्स एडिशनच्या पानावर 'उरलेले तास' अजून मोजले जात आहेत, पण मी ते पान बंद केले आहे. मोठे आर्टबुक गेमनंतर दोन महिन्यांनी येणार असल्याचे प्रकाशकाच्या यादीत सापडले. त्याची किंमत एडिशनमधल्या फरकाच्या चौथा हिस्साही नाही. कापडी नकाशाची मात्र हुरहूर राहील, हे लपवत नाही. पहिल्या भागाच्या वेळी मी वहीत स्वतः नकाशा काढला होता, त्याचीच पुढची पाने यावेळी काढावीत असे मनात आहे.

रंगकुंचला, तुमचे वाचून जुना पुतळा खाली काढला. चौथऱ्याचे झाकण उघडले, तर तीन बटन सेलांपैकी दोघांभोवती पांढरी भुकटी जमली आहे आणि एका पट्टीवर हिरवट डाग पडला आहे. दिवा लागत नाही. हे साफ करता येईल का?

रंगकुंचला

येईल. आधी हातमोजे घाला, सेल प्लास्टिकच्या चिमट्याने काढा, आणि ते कचऱ्यात न टाकता वापरलेले सेल जिथे गोळा करतात तिथे द्या. ही भुकटी अल्कलाइन सेलांची असते, म्हणून कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पट्ट्या हलकेच पुसा. थोडेसे फसफसेल, त्याला घाबरू नका. मग दुसरी काडी स्वच्छ पाण्यात बुडवून, पिळून, पुन्हा पुसा आणि झाकण उघडे ठेवून दिवसभर वाळू द्या. हिरवा डाग राहिलाच तर साध्या खोडरबराने घासा. वायर पट्टीपासून सुटली नसेल तर दिवा लागेल. आणि भाल्याच्या सांध्याचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवा. गोंद कोणता लावला होता तेही कळवा, कारण तो सोडवून आत पितळी तार घातली तर सांधा दिसणार नाही आणि पुन्हा मोडणारही नाही.